अडेनियम बियांपासून वाढवायचंय? मग मिरगाची वाट पाहू नका

आमच्याकडे बी पेरायचं म्हटलं की मिरग. विहीर असलेला बागायतदार मे महिन्यातच कापूस लावून मोकळा होतो, ते सोडा. पण उडीद-मूग असो की आईच्या परसातली गिलकी, मृगाचा पाऊस पडल्याशिवाय मातीत बी टाकायचं नाही, हे अंगात भिनलेलं. त्यामुळे अडेनियमच्या चाळीस बिया पहिल्यांदा हातात आल्या तेव्हा मीही जूनमधल्या पहिल्या पावसाची वाट पाहिली. बिया उगवल्या, अगदी छान उगवल्या. मग झड लागली. आषाढी एकादशी येईस्तोवर चाळीसपैकी तीन रोपं उरली होती. बाकीची एकेक करून मातीला टेकलेल्या जागी तपकिरी पडली, मऊ झाली आणि आडवी झाली.

पुढच्या वर्षी त्याच गच्चीवर, जवळजवळ त्याच मातीत, फक्त गुढीपाडवा झाल्यावर पेरणी केली. चाळीसपैकी चौतीस रोपं वाचली. या लेखात मी बरंच काही सांगणार आहे, पण त्यातलं सगळ्यात मोलाचं हेच: खान्देशात अडेनियमची पेरणी पाडवा ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, या महिनाभरात उरकायची. बहुतेक माहिती लिहिणारे पुण्या-मुंबईच्या नाहीतर थंड देशांच्या हवेचा हिशेब धरतात. आपलं ऊन वेगळं, आपली थंडी वेगळी, त्यामुळे आपलं वेळापत्रकही वेगळं.

हे झाड आहे तरी कसलं

अडेनियमला नर्सरीवाले 'डेझर्ट रोज' म्हणतात, कोणी वाळवंटी गुलाब. गुलाबाशी त्याचं काही नातं नाही. हे कण्हेरीच्या कुळातलं. चाफा, तगर, सदाफुली, पिवळी बिट्टी ही सगळी त्याची भावंडं. मूळ घर अरबस्तानचा दक्षिण भाग आणि सहाराच्या खालचा आफ्रिकेचा कोरडा पट्टा. पेर फोर्स्कोल नावाचा निसर्गअभ्यासक डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या मोहिमेबरोबर येमेनला गेला आणि १७६३ मध्ये तिथेच हिवतापाने वारला. त्याच्या टिपणांचं पुस्तक १७७५ मध्ये छापलं गेलं. त्यात या झाडाचं नाव आहे 'नेरियम ओबेसम', म्हणजे सरळ मराठीत 'जाडी कण्हेर'. पुढे १८१९ मध्ये त्याची वेगळी प्रजाती मानली गेली आणि येमेनमधल्या एडन शहराच्या नावावरून अडेनियम हे नाव पडलं.

जाडी कण्हेर हे नाव मला आजही सगळ्यात चपखल वाटतं. या झाडाचं अर्धं कौतुक फुलांचं आणि अर्धं त्या फुगलेल्या बुंध्याचं. पाणी साठवायला झाड स्वतःच्या बुडाचा माठ करतं. अमळनेरचे मामा पहिल्यांदा गच्चीवर आले तेव्हा कुंडीतून डोकावणारा तो गड्डा बघून म्हणाले, "हाई काय शे रे? मुळा शे का?" वर गुलाबी फुलांचा गुच्छ होता, त्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

आणि म्हणूनच बियांपासून वाढवायचं. फांदी लावली तरी अडेनियम जगतं, फुलतंही लवकर, पण त्याला तसा गोल, पोटाळ बुंधा क्वचितच येतो. नर्सरीतली दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची रोपं बहुतेक कलमं असतात. खाली बीपासून आलेला खुंट, वर हव्या त्या रंगाची फांदी. बीपासूनचं रोप मात्र पहिल्या महिन्यापासूनच खाली जाड व्हायला लागतं. रंग कोणता येईल याची हमी नाही. पाकिटावर काळपट लाल दुहेरी फुलाचा फोटो असतो आणि घरी साधं गुलाबी एकेरी फूल येतं. तो फोटो बघून पैसे मोजू नका.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, मागाहून राहून जाते. या झाडाचा चीक विषारी आहे. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं त्यात असतात, आणि आफ्रिकेत तो बाणांना लावायचं विष म्हणून वापरला गेलाय. छाटणी, पुनर्लागवड, मुळं कापणं ही कामं हातमोजे घालून करायची, डोळ्यांना हात लावायचा नाही आणि नंतर साबणाने हात धुवायचे. रांगतं मूल असेल तर कुंड्या उंचावर. दारात शेळी बांधलेली असेल तर तिच्या तोंडापासूनही लांब.

बिया

अडेनियमची बी साधारण सेंटिमीटरभर लांब, तपकिरी, बारीक काडीच्या तुकड्यासारखी. रुईची म्हातारी आपण लहानपणी फुंकून उडवलेली असते. तिला एकाच टोकाला रेशमी झुबका असतो, अडेनियमच्या बीला दोन्ही टोकांना. विकत आणलेल्या बियांचे झुबके बहुधा काढलेले असतात. घरच्या शेंगेतल्या असतील तर चिमटीत चोळून काढून टाका, नाहीतर ओल धरून त्यावरच आधी बुरशी येते.

ताजेपणा सगळ्यात महत्त्वाचा. नुकत्या काढलेल्या बियांतल्या दहापैकी आठ-नऊ सहज उगवतात. जसजसे महिने जातात तसतसं हे प्रमाण उतरत जातं, आणि उन्हाळाभर दुकानाच्या काचेत तापलेल्या पाकिटाचं तर विचारूच नका. मी एकदा असं आकर्षक पाकीट ऑनलाइन मागवलं होतं. वीसपैकी दोन उगवल्या, आणि त्यातलं एक रोप भलत्याच कशाचं तरी निघालं. तेव्हापासून ज्याच्या घरी शेंग पिकताना दिसते त्याच्याचकडून बी घेतो. घेताना चिमटीत हलकेच दाबून बघा. भरीव लागली पाहिजे. दाबताच चपटी होते ती पोकळ, ती उगवत नाही.

लगेच पेरायच्या नसतील तर कागदाच्या पुडीत बांधून, पुडी घट्ट झाकणाच्या डबीत आणि डबी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. फ्रीजरमध्ये नको.

पाडवा ते आखाजीच का

बी रुजायला मातीची ऊब २७ ते ३२ अंशांच्या आसपास लागते, आणि रात्री फार गार नकोत. होळीच्या सुमारास धुळ्या-नंदुरबारकडे पहाटे अजून अंगावर घ्यायला लागतं, म्हणून तेव्हा पेरलं तर बिया रेंगाळतात. पाडव्यानंतर रात्रीही उबदार होतात. त्यापुढे जूनच्या पावसापर्यंत दोन महिने मिळतात. तेवढ्या वेळात रोपाला चार-सहा पानं येतात, बुड हरभऱ्याएवढं का होईना फुगतं आणि सालीला थोडा निबरपणा येतो. असं रोप पावसाळ्याची दमट हवा सोसतं. मिरगाला पेरलेलं रोप नेमकं कोवळ्या वयात त्या दमटपणात सापडतं.

आखाजीनंतर पेरलं तर चालतच नाही असं नाही, पण भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि काळ्या प्लास्टिकच्या ट्रेमधली माती त्याहून कितीतरी जास्त तापते. मोठं अडेनियम हे ऊन हसत झेलतं. तीन दिवसांचा कोंब नाही झेलत.

माती, म्हणजे खरं तर मातीचा अभाव

आपली काळी कसदार जमीन कापसाला सोनं आहे. अडेनियमच्या कुंडीत ती अजिबात नको, मूठभरसुद्धा नको. भिजली की फुगते, पाणी धरून बसते, वाळली की भेगाळते आणि भेगांबरोबर बारीक मुळं तोडते. शेणखत घालून भुसभुशीत होईल म्हणाल, तर एका पावसात पुन्हा चिकट गोळा.

पेरणीसाठी मी दोन वाटे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन वाटे जाड वाळू आणि एक वाटा विटांचा चुरा घेतो. परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके खडे) मिळालं तर वाळूऐवजी निम्मं परलाइट उत्तम, हलकंही पडतं. वाळू बांधकामाच्या ढिगातलीच, पण पिठाच्या चाळणीतून चाळायची आणि खाली पडतं ते फेकून वर उरतं ते ठेवायचं. इथे बरेच जण उलटं करतात. बारीक, मऊ माती म्हणजे चांगली माती, ही आपली समजूत. अडेनियमला खडबडीत हवं, ज्वारीच्या दाण्याएवढे कण असलेलं, मुठीत दाबून सोडलं की लगेच विस्कटणारं. विटांचा चुरा वीटभट्टीवर किंवा पडक्या बांधकामाशी फुकट मिळतो. त्यातली पूड चाळून टाका. नवापूरकडे भाताच्या गिरण्या आहेत, तिकडच्या लोकांनी जळक्या तुसाचा एक वाटा घातला तर फारच छान.

कोकोपीटची वीट भिजवली की पहिलं पाणी ओतून द्या, पुन्हा भिजवा, पुन्हा पिळा. त्यात क्षार असतात. क्षारांवरून आठवलं, पाण्याचाही विचार करा. आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड असतं, कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो तो त्याचाच. मोठ्या झाडाला एवढं काही होत नाही, पण रोपांना पहिले दोन महिने नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी द्यावं. एसीच्या नळीतून गळणारं पाणी चालतं. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी मात्र कुंडीत ओतायचं नाही. दिवसभर पाणी उडून जातं आणि क्षार तेवढेच मागे राहतात. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणीही त्याच कारणाने नको. घरातली काटकसर इथे नडते.

भांडं कोणतंही चालतं, तळाला भोकं हवीत. माझ्याकडे केळीच्या टिश्यू रोपांचे रिकामे ट्रे आहेत, लागवड झाली की शेताच्या बांधावर पडलेले असतात. ते आणून ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवायचे, खळखळून धुवायचे आणि उन्हात वाळवायचे. आधीच्या रोपांची बुरशी आपल्या रोपांना नको.

पेरणी

सकाळी बिया कोमट पाण्यात टाकायच्या, तीन-चार तास. रात्रभर भिजवणारेही आहेत, पण मला त्यात फायदा दिसला नाही. त्याच पाण्यात कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या ट्रायकोडर्माची चिमूट टाकतो. ट्रायकोडर्मा ही चांगली बुरशी आहे, ती वाईट बुरशीला खाते, म्हणून तिच्याबरोबर रासायनिक बुरशीनाशक वापरू नका. दोन्ही एकत्र म्हणजे कुंपण बांधून त्यालाच काडी लावणं.

ट्रेमध्ये मिश्रण भरून वरून पाणी द्या आणि निथळू द्या. बी आडवी ठेवायची. उभी खोचली तर कोंबाला वळणं घ्यावी लागतात आणि मान वाकडी होते. वर साधारण अर्धा सेंटिमीटर चाळलेली वाळू. त्याहून खोल नको. उघड्या ट्रेमध्ये पेरत असाल तर दोन बियांमध्ये तीन-चार सेंटिमीटर अंतर ठेवा, म्हणजे काढताना मुळं एकमेकांत गुंतत नाहीत. तारीख आणि बियांचा स्रोत आईस्क्रीमच्या काडीवर लिहून खोचा. लिहून ठेवतो म्हणाल आणि विसराल, मी दरवर्षी विसरायचो.

ट्रे ठेवायचा सावलीत पण उजेडात. गच्चीवर हिरवी ५० टक्क्यांची शेडनेट असेल तर तिच्याखाली, नसेल तर पूर्वेच्या गॅलरीत. स्लॅबवर थेट ठेवू नका, खाली दोन विटा द्या. एप्रिलमधल्या दुपारी आपला स्लॅब तव्यासारखा तापतो आणि मुळं खालून भाजतात. वरून प्लास्टिक झाकायची गरज नाही. थंड हवेच्या ठिकाणचे लोक ऊब धरायला झाकतात, आपण झाकलं तर बिया उकडतात.

पाणी खालून द्यायचं. परातीत दोन बोटं पाणी घ्यायचं, ट्रे त्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, वरची वाळू ओली दिसली की बाहेर काढून निथळायचा. आपल्या कोरड्या चैत्रात हे रोज एकदा करावं लागतं, वारा असेल तर दोनदा. उगवेपर्यंत वरचा थर पूर्ण सुकता कामा नये. अडेनियम कोरडं लागतं हे ऐकून लोक बी पेरल्यावरही पाण्याची कंजुषी करतात. कोरडेपणा मोठ्या झाडासाठी, बीसाठी नव्हे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिला वाकलेला कोंब दिसतो. आठवड्यात बहुतेक वर येतात. पंधरा दिवसांनंतर राहिलेल्यांची आशा सोडा. कधीकधी बीचं टरफल डोक्यावर टोपीसारखं अडकून राहतं आणि आतली दोन जाड दलं उघडत नाहीत. ओढून काढू नका. बोटाने पाण्याचा थेंब लावा, तासाभराने सुईच्या टोकाने अलगद सोडवा.

पहिले सहा आठवडे

सगळे उगवले की पाण्याची तऱ्हा बदलायची. आता वरचा थर सुकू द्यायचा, मग पाणी. खऱ्या पानांची दुसरी जोडी आली की बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घाला. ओल लागली तर पाणी नाही. ट्रेच्या लहान कप्प्यात, एप्रिलच्या वाऱ्यात, हे दिवसाआड होतं. कागदावर ठरवलेला वार बघून पाणी घालू नका.

ऊन दुसऱ्या आठवड्यापासून. आधी सकाळी आठपर्यंतचं, मग नऊपर्यंतचं, असं करत महिन्याभरात साडेदहा-अकरापर्यंत. मे संपेपर्यंत दुपारच्या उन्हावर जाळी हवीच. अगदी सावलीतच ठेवलेली रोपं उंच, बारीक, सुतळीसारखी होतात आणि तो बारीकपणा पुढे मोठ्या झाडातही दिसत राहतो. हे रोप ठेंगणं राहिलेलं चांगलं.

याच काळात मान कुजते. काल ताठ असलेलं रोप आज मातीलगत काचलेलं, पाणथळ दिसतं. ते वाचत नाही. लगेच उपटा, भोवतीची चमचाभर मातीही काढून फेका, ट्रे वाऱ्याच्या जागी हलवा आणि एक दिवस पाणी बंद करा. लागण पसरतेय असं वाटलं तर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक, लिटरभर पाण्यात अडीच ग्रॅम, एकदा मुळाशी. ट्रायकोडर्मा दिलेलं असेल तर त्याचा उपयोग इथे संपला असं धरा.

कुंडीत हलवणं आणि पहिला पावसाळा

मेअखेरीस रोपाला चार-सहा खरी पानं असतात. मृग लागायच्या आठवडाभर आधी ती चार इंची कुंड्यांत हलवायची. मातीची कुंडी घ्या. तिच्या भिंतीतून पाणी झिरपून उडतं आणि पावसाळ्यात हेच उपयोगी पडतं. हलवायच्या आधी दोन दिवस पाणी बंद. कुंडीतलं मिश्रण पेरणीचंच, पण त्यात एक वाटा जुनं, कुजून गार झालेलं गांडूळखत घालायचं. रोप ट्रेमध्ये जितकं खोल होतं तितकंच ठेवायचं. लावल्यावर लगेच पाणी देऊ नका. मुळांना झालेल्या जखमा दोन-तीन दिवसांत सुकतात, मग पाणी.

मग पाऊस. अधूनमधून येणारी सर अडेनियमला आवडते, धुतलं जातं, पानं तकतकीत होतात. भीती झडीची. तीन-तीन दिवस सूर्य नाही आणि वरून रिपरिप, अशा वेळी कुंड्या पत्र्याखाली किंवा खिडकीच्या छज्जाखाली घ्यायच्या. आमच्याकडे पहिल्या वर्षाची रोपं पाऊस लागला की सरळ भाजीच्या क्रेटमध्ये उचलून जिन्यात जातात. क्रेट हीच माझी मोठी गुंतवणूक. वीस कुंड्या एकेक करून उचलायच्या म्हटल्या की माणूस 'राहू दे, थांबेल पाऊस' म्हणतो, आणि तिथेच घात होतो. कुंडीखाली ताटली ठेवत असाल तर पावसाळ्यात काढून टाका.

कानबाईचे रोट होईपर्यंत, म्हणजे श्रावणातल्या नागपंचमीच्या पुढच्या रविवारपर्यंत, रोपं सुखरूप असली की निम्मी लढाई जिंकलीत.

खताचं फार डोक्यात घेऊ नका. कुंडीत रुळल्यावर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विरघळणारं खत) लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही ओल्या मातीवर. शेतात ठिबकमधून सोडायला आणलेलं तेच चालतं. युरिया नको. पानं भराभर येतात, बुंधा पोकळ-मऊ राहतो आणि किडीला आमंत्रण मिळतं. फुलं यायच्या वयात नत्र कमी करून पालाश वाढवायचं, १३:०:४५ त्याच प्रमाणात. दिवाळीनंतर सगळं बंद.

थंडी

खान्देश म्हटलं की बाहेरच्यांना ऊनच आठवतं. धुळ्याची पहाटेची थंडी त्यांनी पाहिलेली नसते. पारा दहाच्या खाली उतरला की अडेनियमची पानं पिवळी पडून गळायला लागतात. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो, झाड मेलं समजतो आणि बचावासाठी पाणी ओततो. झाड त्या पाण्याने मरतं. पानं नसताना झाड पाणी ओढत नाही, गार ओली माती आठवडाभर मुळांशी राहते आणि कूज सुरू होते.

पहिल्या वर्षाच्या रोपांना शक्यतो झोपू न देण्याकडे माझा कल आहे. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला टेकवून ठेवली की भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब परत देते. पाणी बारा-पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी दहाच्या पुढे, थोडंसं. सातपुड्यात आणि त्याच्या पायथ्याला, अक्कलकुवा-तोरणमाळकडे राहणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीत रात्रीपुरत्या कुंड्या घरातच घ्याव्यात.

बुंधा दाबून मऊ लागला तर गोंधळू नका. तहानेने मऊ झालेला बुंधा सगळीकडून सारखा मऊ, थोडा सुरकुतलेला असतो आणि ऊबदार दिवशी पाणी दिलं की आठवडाभरात भरतो. कुजलेला बुंधा एकाच जागी दबतो, ती जागा तपकिरी असते, वास येतो. तसं दिसलं तर झाड उपटून, धारदार स्वच्छ चाकूने पांढराशुभ्र भाग लागेपर्यंत कापत जायचं. घाबरून अर्ध्यावर थांबू नका, एक तपकिरी ठिपका राहिला तरी पुन्हा सुरू होतं. कापलेल्या जागी कॉपर ऑक्सिक्लोराइडची भुकटी दाबा, सावलीत आठ-दहा दिवस तसंच लटकवा, मग कोरड्या मिश्रणात लावा. मी अशी अर्धी उरलेली दोन झाडं वाचवलीत. दिसायला ती बाकीच्यांपेक्षा जास्त देखणी झाली.

दुसरं वर्ष: छाटणी आणि बुंधा वर काढणं

होळी झाली की झाड जागं होतं, आणि सगळी शस्त्रक्रिया याच सुमारास करायची. रोप वीतभर झालं असेल तर शेंडा खुडा. खालून तीन-चार फांद्या फुटतात, आणि फुलं फांद्यांच्या टोकाला येत असल्याने जितकी टोकं तितके गुच्छ.

नंतर कुंडी बदलणं. झाड बाहेर काढून मुळं धुवा. सरळ खाली गेलेलं सोटमूळ असेल तर त्याचं टोक कापा, म्हणजे आडवी मुळं जाडावतात. सावलीत आठवडाभर सुकू द्या. मग उथळ, पसरट कुंडीत लावताना आधीपेक्षा एक-दोन सेंटिमीटर उंच लावा, म्हणजे मातीखालच्या मुळांचा वरचा भाग उघडा पडतो. दरवर्षी एवढंच. एकदम चार बोटं वर काढलं तर झाड डुलतं आणि उघडी पडलेली कोवळी साल आपल्या उन्हात भाजते. नव्याने उघडलेल्या भागावर पहिले पंधरा दिवस ओला न केलेला गोणपाटाचा तुकडा टाकतो मी.

आता पूर्ण ऊन. जाळी काढा. मे महिन्यात मोगरा मान टाकतो, जास्वंद दुपारी मलूल होते, तेव्हा हे भर गच्चीवर फुलतं. पाणी या दिवसांत मात्र भरपूर लागतं, चांगल्या निचऱ्याच्या कुंडीला एक-दोन दिवसांआड.

पहिलं फूल पेरणीनंतर दहा ते अठरा महिन्यांत येतं. माझं सगळ्यात घाईचं झाड पुढच्या आखाजीला फुललं, सगळ्यात आळशी झाडाने दुसरी दिवाळी गाठली.

किडींचं थोडक्यात. उन्हाळ्यात पानांमागे लाल कोळी बसतात, पानं धुरकट दिसतात. पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा, बहुतेक वेळा एवढं पुरतं. कळ्या वेड्यावाकड्या उघडत असतील तर फुलकिडे. त्यांना पाच टक्के निंबोळी अर्क, तोही सूर्य मावळल्यावरच. दुपारी फवारलात तर पानं करपतात. पिठ्या ढेकूण दिसला की कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढा. आणि पावसाळ्यात एका रात्रीत झाड निष्पर्ण झालेलं दिसलं तर बोटाएवढी जाड हिरवी अळी शोधा, मागे शेपटीसारखा काटा असलेली. कण्हेरीवर वाढणाऱ्या मोठ्या हिरव्या पतंगाची ती अळी. चिकाचं विष तिला बाधत नाही. औषध मारण्यापेक्षा उचलून लांबच्या कण्हेरीवर सोडा, पतंग फार सुंदर असतो.

घरची शेंग

शहरात अडेनियमला आपोआप शेंगा क्वचित धरतात. परागकण फुलाच्या नळीत, पाच केसरांच्या मिटलेल्या शंकूत दडलेले असतात. सकाळी ताज्या फुलाची नळी एका बाजूने उभी फाडा म्हणजे शंकू दिसतो. बारीक ब्रशचं ओलसर टोक शंकूच्या आत घालून पिवळसर भुकटी उचला आणि दुसऱ्या झाडाच्या फुलात, दोन केसरांच्या फटीतून शंकूच्या आत खाली टेकवा. त्याच झाडाचे पराग बहुधा लागत नाहीत, म्हणून किमान दोन वेगळी झाडं हवीत. दहा फुलांवर हात फिरवलात की एखाद-दुसरं धरतं. पहिल्या खेपेला एकही नाही धरलं तरी वाईट वाटून घेऊ नका, हाताला फट सापडायला वेळ लागतो.

मी हे काम ऑक्टोबरच्या उकाड्यात करतो. पाऊस गेलेला, झाड भरात, पुन्हा फुलावर. धरलं की आठ-दहा दिवसांत दोन कोवळी टोकं दिसतात आणि ती वाढत जाऊन शेंगांची जोडी पोळ्याच्या बैलाच्या शिंगांसारखी दोन्हीकडे वळते. पिकायला दोन ते चार महिने लागतात, थंडीत जरा जास्तच. शेंग हिरवी-तांबूसवरून फिकट राखाडी होऊ लागली की त्याच दिवशी तिच्याभोवती दोन-तीन जागी दोरा गुंडाळा किंवा जुन्या ओढणीच्या जाळीची पिशवी बांधा. उद्या बांधू म्हणालात तर दुपारच्या वाऱ्यात शेंग उकलते आणि सगळ्या म्हाताऱ्या शेजारच्या गच्चीवर जातात. एका शेंगेत पन्नास-शंभर बिया सहज निघतात.

अशा रीतीने माघ-फाल्गुनात शेंग हातात येते. बिया दोन दिवस सावलीत वाळवा, डबीत घाला आणि पाडव्याला बाहेर काढा.